दुसरीकडे हजर

परवा फोनवर तुमची आई सांगत होती, की धाकटीच्या शाळेतून 'गैरहजर' असा निरोप आला. ताप होता आणि शाळेला कळवायचं राहून गेलं, एवढंच. मी पटकन म्हणून गेले, "गैरहजर कसली? ती दुसरीकडे हजर होती. अंथरुणात." तुम्ही दोघंही हसलात, आणि थोरल्यानं विचारलं, "आजी, हे तुझं स्वतःचं वाक्य आहे का?"

नाही, ते सरांचं आहे. कोण सर, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, आणि तिलाही अडला तर मला.

तुम्हाला माहीत आहे, मी सगळं क्रमानं करणारी बाई. माझ्या फायलींना रंगीत पट्ट्या असायच्या, मसाल्याच्या डब्यांना अजून आहेत. सरांबद्दलही आधी जन्म, मग शिक्षण, मग नोकरी असं लिहावं म्हणून बसले, तर लक्षात आलं, यातलं मला फारसं काही ठाऊकच नाही. वीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो. ते सांगली जिल्ह्यातले, जतकडचे. भूगोल शिकवायचे. कॉलेजच्या मागच्या आळीत एका खोलीत एकटे राहायचे. आणि शर्टाच्या खिशात पाकिटाऐवजी घड्या घालून मऊ झालेला नकाशा ठेवायचे. एवढंच मला सांगता येईल. बाकी आठवतं ते त्यांचं वागणं, आणि ते काही क्रमानं आठवत नाही.

आमचं कॉलेज माण तालुक्यात. मी साताऱ्याहून एसटीनं जायची, दोन तास जायला, दोन तास यायला. मुलं कोरडवाहू शेतकऱ्यांची, मेंढपाळांची. कुणाचे वडील मुंबईत, कुणाचा भाऊ फौजेत. वर्गात ऐंशी नावं असली तर बाकांवर तीस मुलं. आम्ही सगळे हजेरीच्या बुकात उरलेल्या पन्नासांपुढे 'गै' लिहायचो आणि पुढं सरकायचो.

सरांनी 'गै' कधी लिहिलं नाही. त्यांच्या बुकात चौकटीचौकटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं: 'ज्वारी काढणी'. 'मुंबई, चुलत्याकडं'. 'भरतीला, साताऱ्याला'. 'पाण्याच्या टँकरपाशी'. एकदा प्राचार्यांनी ते बुक सगळ्यांसमोर उघडलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे. सर म्हणाले, "माणूस गैरहजर कवाच नसतो, साहेब. दुसरीकडं हजर असतो. कुठं, ते आपल्याला म्हाईत पायजे, म्हणून लिवतो." प्राचार्यांनी बुक मिटलं. पुढच्या महिन्यापासून सरांना दोन बुकं ठेवायला लावली, एक सरकारी आणि एक त्यांचं.

त्यांचं दुसरं वेड पावसाचं. आमच्या तालुक्यावरून ढग जातात, पडतात मात्र दुसरीकडे. तरी कॉलेजच्या मागं सरांनी एक पर्जन्यमापक बसवून घेतला होता आणि सकाळी साडेआठच्या ठोक्याला ते त्यात डोकावायचे. एप्रिलमध्येसुद्धा. आकाश पितळेच्या ताटासारखं चकचकीत असताना हा माणूस वाकून बघतोय आणि वहीत शून्य लिहितोय, हे पाहून मी एकदा हसले. ते म्हणाले, "शून्य बी मोजावं लागतं, बाई. न्हाई मोजलं की लोक म्हणतात, पडला बी असंल, कुणाला म्हाईत."

तिसरं वेड कागदाचं. कुठलंही परिपत्रक आलं की सर स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून ते मोठ्यानं वाचायचे, संदर्भ क्रमांकापासून खालच्या प्रतीपर्यंत. लोक कंटाळून चहाला निघून जायचे. मी बसून राहायची, कारण मला वाक्यरचना तपासायची सवय. "कागद उभ्यानं वाचावा," ते म्हणायचे. "बसून वाचला की माणूस सही करतो."

हे वाक्य मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं होतं. गंमत म्हणून.

आमच्या नोकरीत शिक्षण सुधारण्याचे बरेच ढग येऊन गेले. वार्षिक परीक्षा गेल्या, सहामाही सत्रं आली. गुण गेले, श्रेणी आली. दर वेळी नवे रकाने, नव्या फायली, आणि बाकांवर तीसच मुलं. सर वाचून झाल्यावर कागद घडी घालत म्हणायचे, "बघू, हितं पडतोय का म्हसवडावरनं फुडं जातोय."

पण शेवटचं नवं धोरण आलं, तेव्हा त्यांचा सूर बदलला. ते धोरण देशभराचं होतं, इंग्रजीत होतं आणि जाडजूड होतं. माझं इंग्रजी बरं आणि फायली नीट, म्हणून प्राचार्यांनी मला त्याची समन्वयक केलं. मुलांना आणि पालकांना समजावं यासाठी त्याचा चार पानांत मराठी सारांश करायचं कामही माझ्याकडंच आलं. मी साताऱ्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेली. सरकारी मराठीचा मला तिटकारा. 'बहुविध निर्गमन' वगैरे लिहायचं नाही, घरात बोलतो तसं लिहायचं, असं ठरवलं. एका ठिकाणी मूळ कागदात 'एक्झिट' आणि 'एन्ट्री' होतं. मी लिहिलं: 'विद्यार्थ्याला गरज पडली तर मध्येच बाहेर पडता येईल, आणि पुन्हा आत येता येईल. मिळवलेले श्रेयांक जमा राहतील.' श्रेयांक म्हणजे शिकलेल्या प्रत्येक विषयाचा हिशोबात धरला जाणारा वाटा.

सरांनी ती चार पानं उभं राहून वाचली. या वाक्याशी थांबले. परत वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, हे दिल्लीत कुणाला सुचलं? त्याच्यात एखादा धनगर हाय का?"

मी हसले. त्या वाक्याचा मला अभिमानच वाटला होता, इतकं सोपं झालं म्हणून.

आता तुम्हाला इथलं एक सांगायला हवं. आमच्याकडची मेंढपाळ कुटुंबं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात, कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात. उसाची तोड झालेल्या रानात मेंढरं बसवतात. मेंढरांना चारा मिळतो, रानाला खत. मृग लागायच्या सुमाराला सगळे परत येतात. या निघण्याला त्यांच्यात 'भाईर पडणं' म्हणतात. 'आमी दिवाळीनंतर भाईर पडतो.' सरांना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. मला नव्हतं. मी साताऱ्याची.

काजल दुसऱ्या वर्षाला होती. भूगोल घेतलेली, सावळी, उंच, आणि माझ्या इंग्रजीच्या तासाला 'मॅडम, मी आलो' म्हणत दारात उभी राहणारी. इकडच्या मुली स्वतःला 'आलो, गेलो' म्हणतात. मी दर वेळी सुधारायची, "आले, काजल." ती "व्हय, आले" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. तिला तलाठी व्हायचं होतं. का, तर त्यांच्या गावच्या गायरानाचा कुठलासा कागद दाखवून दर वर्षी कुणीतरी मेंढरं हुसकून लावायचं, आणि तो कागद घरात कुणालाच वाचता यायचा नाही. तलाठ्याच्या परीक्षेला पदवी लागते. तिच्या वडिलांनी तिला मोजून तीन वर्षं दिली होती. तीन वर्षांत पदवी झाली तर झाली. नाहीतर सोयऱ्यांना दिलेला शब्द पाळायचा, लग्न.

त्या दिवाळीत तिच्या आईच्या पायाचं ऑपरेशन झालं. आई गावातच राहणार, म्हणजे वाटेवर भाकऱ्या थापायला आणि कोकरं सांभाळायला काजलला जावं लागणार. सहा महिने. काजलनं सरांना येऊन सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. सर मात्र खुशीत होते. माझ्या टेबलावरून माझीच चार पानं उचलून त्यांनी ते वाक्य तिला वाचून दाखवलं. "भाईर पड खुशाल. एप्रिलला परीक्षेला ये, मिरगाला परत ये. सरकारनंच लिवलंय, आन बाईंनी मराठीत केलंय."

पुढं संगणकावर फॉर्म भरायचा होता. त्यात तीन पर्याय होते, तिन्ही इंग्रजीत. सरांनी मधला निवडला: एक्झिट. खाली कारणाच्या चौकटीत त्यांनी मराठीत लिहिलं: 'मेंढरं घेऊन बाहेर पडली आहे. मृगाला परत.'

तो फॉर्म मंजुरीसाठी माझ्याकडं आला. एका दुपारी माझ्यापुढं चाळीस फॉर्म होते आणि पाचची एसटी गाठायची होती. मी खुर्चीवर बसून, चहा पीत, एकेका फॉर्मला मंजुरी देत गेले. कारणाची चौकट मराठीत होती, डोळ्यांसमोर होती, आणि मी ती वाचली नाही.

त्या सहा महिन्यांत सर दर रविवारी एसटीनं काजलचा तळ शोधत जायचे. मेंढरं आठवड्याला पुढं सरकायची, तसे सरही सरकायचे. त्यांच्या बुकात काजलच्या नावापुढं एकाखाली एक गावं येत गेली: नेर. रहिमतपूर. मसूर. कराड. बोरगाव. आष्टा. सोमवारी ते स्टाफरूममध्ये सांगायचे, की काल उसाच्या सरीत बसून नदीच्या वळणाचा धडा घेतला, आणि वळण समोरच होतं, फळ्याची गरज पडली नाही. 'स्थानिक ज्ञान' असा एक विषय नव्या धोरणात होता. कुठलं गवत कुठल्या महिन्यात कुठं, हे काजलच्या वडिलांइतकं कुणाला येत नाही, म्हणून तो विषय त्यांनीच शिकवावा असा प्रस्ताव सरांनी दिला. फॉर्ममध्ये 'मार्गदर्शकाची पात्रता' असा रकाना होता. सरांनी त्यात एकच शब्द लिहिला: 'आहे.' प्रस्ताव परत आला, आणि आम्ही आठवडाभर हसलो. सर हसले नाहीत.

मार्चमध्ये परीक्षेच्या याद्या आल्या. काजलचं नाव नव्हतं. कारकुनानं शोधून शोधून ते दुसऱ्याच यादीत दाखवलं. एक वर्ष पूर्ण करून शिक्षण सोडलेल्या विद्यार्थ्यांची ती यादी होती. तात्पुरत्या रजेचा पर्याय फॉर्मवर एक्झिटच्या खालीच होता. तिच्या नावाचं एका वर्षाचं प्रमाणपत्रही तयार होऊन आलं होतं, सोनेरी किनारीचं.

मी सरांकडं पाहिलं नाही. ते बराच वेळ ते प्रमाणपत्र उभं राहून वाचत होते. मग एवढंच म्हणाले, "मी मूळ कागद वाचला न्हाई, बाई. मी तुमचा मराठीतला वाचला."

यात रागाचा लवलेश नव्हता. त्यामुळं अजून टोचतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं पाणी मागवलं. मग पडद्याकडं बघत म्हणाला, "सर, एक्झिट म्हणजे एक्झिट. पुन्हा प्रवेश घेता येईल, पण पुढच्या वर्षी."

सर म्हणाले, "आमच्यात भाईर पडलेला माणूस परत येतोच, साहेब. परत येत न्हाई त्याला 'गेला' म्हणत्यात. तुमी तिला गेलेल्यांत घातलंय."

त्या मुलानं पडद्यावरची नोंद पुन्हा उघडून पाहिली. मग त्यानं खरंच मदत केली. म्हणाला, मंजुरी देणाऱ्या समन्वयकांनी चूक झाल्याचं लेखी कळवलं तर नोंद फिरवता येईल. पण आठ दिवसांत, याद्या बंद व्हायच्या आत.

समन्वयक म्हणजे मी. आता पुढचं मी तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण आजी कधी चुकत नाही असं तुमची आई लहानपणापासून तुम्हाला सांगत आली आहे.

पुढच्या महिन्यात कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. कॉलेजचा दोष दिसेल असं काही लिहू नका, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. सगळ्या नोकरीत माझ्या फाइलवर एकही लाल शेरा नव्हता. मी पत्र लिहिलं: 'सदर नोंद अनवधानाने झालेली असून ती दुरुस्त व्हावी ही विनंती.'

सरांनी ते माझ्या टेबलापाशी उभं राहून वाचलं. "ह्यात कुणी केली ते कुठं हाय?"

मी म्हणाले, सरकारी पत्राची अशीच भाषा असते.

"बाई, इंग्रजीत तुमी पोरांना शिकवता न्हवं, करणारा काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं म्हणून? पेपरात ते बरं हाय. हितं 'झाली' नको. 'केली' लिवा. न्हाईतर मी लिवतो, मी केली म्हणून."

मी म्हणाले, मंजुरी तुमची नाही, त्यामुळं तुमच्या पत्राला किंमत नाही. हे खरं होतं. आणि मी 'झाली' असंच पाठवलं.

उत्तर नवव्या दिवशी आलं: 'सदर नोंद कोणी व कोणत्या कारणाने केली याचा खुलासा करावा.' म्हणजे सरांचाच प्रश्न, शिक्का मारून. तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या: 'फॉर्म न वाचता मी मंजुरी दिली. चूक मी केली.' तीन दिवसांत नोंद फिरली. काजल पुन्हा विद्यार्थिनी झाली. पण याद्या बंद झाल्या होत्या, परीक्षा हुकली, आणि तीन वर्षांची चार झाली. माझ्या एका क्रियापदापायी.

त्या रविवारी मी सरांबरोबर आष्ट्याकडं गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं. तोडलेल्या उसाचं रान, पाचटात तोंड घालून चरणारी मेंढरं, दोन घोडी, आणि एका दगडाला टेकवलेली हाताएवढी सौर पाटी, तिच्यावर चार्ज होणारा फोन. काजल तीन दगडांच्या चुलीपाशी होती. मला बघून उभी राहिली, ओढणीला हात पुसले, आणि म्हणाली, "मॅडम, तुमी आलासा?" तिला अजून काही माहीत नव्हतं; नोंद वेळेत फिरेल या आशेवर सरांनी सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या परीक्षेची पुस्तकं पोत्यावर नीट रचून ठेवलेली होती.

तिचे वडील आले. घोंगडं पसरून आम्हाला बसा म्हणाले. मी बसणार, तोच सरांनी माझ्या त्या दोन ओळींच्या पत्राची प्रत खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमी वाचा," ते हळू म्हणाले. "उभ्यानं."

मी वाचलं. मग त्याचा अर्थ सांगितला. चुलीवरची भाकरी करपली, तरी काजलनं ती उलटली नाही.

तिच्या वडिलांनी मेंढरांकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, मेंढरू चुकलं तर कुणी चुकवलं ते आमी इचारत न्हाई. हुडकाय जातो. तवा तुमची चूक ऱ्हाऊ द्या. पर मी तीन वरसं म्हणालो हुतो. सोयऱ्यास्नी शबुद दिलाय."

"आबा," काजल म्हणाली. एवढंच.

घोड्याच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मग वडिलांनी डोकं खाजवत सरांना विचारलं, "आवं सर, ते मोबाईलवर आलंय, कॉलेज आता चार वरसाचं केलंय म्हणं सरकारनं. खरं हाय का?"

यात अर्धं खरं होतं. नव्या धोरणात चार वर्षांची पदवी आहे. पण ज्याला हवी त्याला. तीन वर्षांत साधी पदवी घेऊन बाहेर पडता येतंच, आणि तलाठ्याच्या परीक्षेला ती पुरते. मला हे पाठ होतं, सरांनाही. शून्य मिलिमीटरसुद्धा वहीत मांडणारा हा माणूस आता सगळं समजावून सांगणार, आणि चौथ्या वर्षाची दोरी आपल्याच हातानं तोडणार, असं मला वाटलं. काजल सरांकडं बघत होती. मी जमिनीकडं.

सर खाली बसले. घोंगड्यावर, मांडी घालून. कागदाची गोष्ट चाललेली असताना त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"केलंय," ते म्हणाले.

"मग माझी तीन कुठली, चारच की," वडील म्हणाले. "सांगतो सोयऱ्यास्नी, सरकारनं वाढवलं म्हणून. कदी न्हाई ते सरकार कामाला आलं." आणि काजलकडं वळून, "आगं, भाकर जळली बघ. तलाठीण व्हाय निघाली."

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. कासेगाव गेल्यावर म्हणाले, "आज शून्य असताना मी एक मिलिमीटर लिवला, बाई." मी म्हणाले, लिहिला तर लिहिला. ते म्हणाले, "लिवला ते बरं केलं. पर लिवला हे ध्यानात ठेवाय पायजे."

मे महिन्यात मी निवृत्त झाले. फाइलवर एक लाल शेरा घेऊन. निरोपसमारंभात सगळे माझ्या नीटनेटकेपणाबद्दल बोलले. सरांनी मला एक भिंग दिलं, नकाशा वाचायचं. ते अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. वर्षभरानं तेही निवृत्त झाले आणि जतकडं बहिणीच्या गावी राहायला गेले. तिथंही पर्जन्यमापक बसवला. महिन्यातून एकदा फोन करायचे, सकाळी साडेआठनंतर, आणि पहिलं वाक्य नेहमी आकड्याचं. "शून्य, बाई." किंवा "अडीच." मग काजलची बातमी. ती राहिलेली परीक्षा पास झाली, तिसऱ्या वर्षाला बसली.

मागच्या माघात फोन आला नाही. दोन दिवसांनी त्यांच्या बहिणीचा आला.

सर गेले. हे वाक्य मी 'सर बाहेर पडले' असं लिहून पाहिलं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. परत न येणाऱ्याला काय म्हणतात ते त्यांनीच सांगितलं होतं, आणि आणखी एका ठिकाणी मला शब्द मऊ करायचा नाही. गेले. साडेआठ वाजले की अजून माझं लक्ष फोनकडं जातं. इथं साताऱ्यात पाऊस खूप पडतो, पण कुणी मोजून सांगत नाही.

बहिणीनं त्यांचं हजेरीचं बुक माझ्याकडं पाठवलं. सरकारी नव्हे, ते दुसरं. मी ते रंगीत पट्टीशिवाय तसंच ठेवलं आहे. निकालाच्या दिवशी काजलचा फोन आला. "मॅडम, बी.ए. झालो." या खेपेला मी सुधारलं नाही. कुठं आहेस, म्हणून विचारलं. "भाईर हाय. आष्ट्याच्या अलीकडं. मिरगाला येतो परत, मग तलाठीचा अभ्यास." मग म्हणाली, "सरांच्या बुकात लिवा की."

मी उभी राहिले आणि तिच्या नावापुढं, सगळ्या गावांच्या खाली, लिहिलं: 'आष्टा. बी.ए.'

त्या पानावर खाली बरीच जागा होती. मी तिथं तुमच्या आईचं नाव लिहिलं, आणि त्याखाली तुम्हा दोघांची. पुढच्या चौकटींत काय लिहायचं, तिथं मात्र अडले. गावाचं नाव मला येतं. तिथलं तापमानही रोज बघते. पण बारा वर्षांपूर्वी तुमची आई विमानतळावर "येते गं" म्हणाली होती, आणि त्या क्रियापदाचा अर्थ मी अजून कुणाला विचारलेला नाही.

तर आईला एवढं विचारा, आणि मला कळवा: तुम्ही बाहेर पडला आहात, की गेला आहात? जे असेल ते लिहा. फक्त 'राहून गेलं', 'जमलं नाही', असं नको. करणारा दिसेल असं वाक्य करा. उत्तर मी उभ्यानं वाचेन.